रुग्णाची भाषा आणि परिचारिकेचे शिक्षण

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातील घरोघरी एक ठरलेला विचारविनिमय सुरू होतो. मेडिकलला नंबर लागला नाही, इंजिनियरिंग परवडत नाही, नुसते बी. ए. करून काय होणार? मग मुलीला सांगितले जाते, "नर्सिंग तरी कर." मी भाषेचा अध्यापक आहे, त्यामुळे या वाक्यातील 'तरी' हा एवढासा शब्द मला फार खटकतो. 'डॉक्टर तरी हो' असे कोणी म्हणत नाही. ज्या व्यवसायाच्या हाती आजारी माणसाचे चोवीस तास असतात, तो आमच्या लेखी नाइलाजाचा व्यवसाय ठरावा, हे समाजाच्या अज्ञानाचे लक्षण आहे.

डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. उरलेला सारा वेळ रुग्ण परिचारिकेच्या नजरेखाली असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा काढली, तेव्हा त्यांचा सर्वांत मोठा आग्रह होता तो निरीक्षणाचा. पुढे अमेरिकेच्या व्हर्जिनिया हेंडरसन यांनी या व्यवसायाचा गाभा फार सोपा करून मांडला. अंगात बळ, मनात इच्छा आणि पुरेसे ज्ञान असते तर माणसाने स्वतःसाठी जे केले असते, ते त्याच्यासाठी करणे आणि तो लवकरात लवकर स्वावलंबी होईल असे पाहणे, म्हणजे परिचर्या. रुग्णाची स्थिती जाणून घेणे, त्याच्या गरजा ठरवणे, शुश्रूषेची आखणी करणे, ती अमलात आणणे आणि परिणाम तपासणे, अशा पाच पायऱ्यांनी हे काम चालते. यात हुकूम पाळण्यापेक्षा विचार करण्याचा भाग मोठा आहे.

एक उदाहरण देतो. गरोदरपणात रक्तदाब फार वाढून झटके येऊ लागले, तर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. औषध गुणकारी, पण मात्रा जास्त झाली तर श्वासच बंद पडण्याची भीती. म्हणून दर पुढच्या मात्रेपूर्वी परिचारिकेने तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्यावर टकोरा मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी तर नाही ना, आणि लघवी तासाला निदान ३० मिलिलिटर होते का. यांतले एक जरी चुकले तरी मात्रा थांबवायची. दोन जिवांचा प्रश्न त्या घटकेला एका परिचारिकेच्या तपासणीवर अवलंबून असतो. अशा कामाला 'तरी' लावायचे का, याचा विचार पालकांनीच करावा.

परंतु निरीक्षण केवळ डोळ्यांनी आणि हातांनी होत नाही. निम्मे निरीक्षण कानांनी होते. आमच्या सीमाभागाचा खरा प्रश्न येथेच सुरू होतो. हैदराबाद संस्थानातला जुना बीदर जिल्हा १९५६ साली तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले. जहीराबाद, नारायणखेड दुसरीकडे. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद कर्नाटकात आले. नकाशा बदलला, पण सोयरीक, बाजारहाट आणि बोली बदलल्या नाहीत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतली म्हातारी माणसे आजही मराठीत कण्हतात. शेजारचा माणूस कन्नडात कण्हतो, तिसरा दखनीत, तांड्यावरची बाई लमाणी बोलीत. आणि केसपेपर लिहिला जातो इंग्रजीत.

यातून घोटाळा कसा होऊ शकतो ते पाहा. आमच्याकडे खेड्यातला माणूस छातीला 'ऊर' म्हणतो. "उरात कळ मारतीया" असे तो सांगतो. कन्नडात 'उरी' म्हणजे आग, जळजळ. इकडच्या कन्नड बोलीत 'उरितद' म्हणजे जळजळते आहे. कन्नड घरात वाढलेल्या परिचारिकेच्या कानावर तो 'उरात' शब्द पडला, तर तिला पित्ताची जळजळ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. छातीतली कळ आणि पोटातली जळजळ यांत काय अंतर आहे, हे हृदयविकाराची माहिती असणाऱ्यास सांगावयास नको. शब्द अर्धा ऐकला गेला तर वेळ हातची जाते.

माझी एक माजी विद्यार्थिनी परिचारिका आहे. तिने सांगितलेली हकीकत अशी. रात्रपाळीला खेड्यातून एक गरोदर बाई आली. ती पुनःपुन्हा एवढेच म्हणे, "डोळ्यांम्होरं काजवं चमकत्यात." ड्यूटीवरची परिचारिका दक्षिणेकडील जिल्ह्यातली, कामात चोख, पण 'काजवे' हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. डोळ्यांचे दुखणे असेल, सकाळी पाहू, असे तिला वाटले. वॉर्डातल्या आयाने हाताने खुणा करून, मोडक्यातोडक्या कन्नडात त्याचा अर्थ सांगितला. लगेच रक्तदाब मोजला, तो फारच वाढलेला निघाला आणि पुढचे उपचार वेळेवर झाले. डोळ्यांपुढे काजवे चमकणे, डोके ठणकणे, कोठ्यात कळ येणे ही झटक्यांची पूर्वसूचना असते, हे त्या परिचारिकेने इंग्रजीत पाठ केलेलेच होते. तेच लक्षण मराठीत समोर आले, तेव्हा ओळखू आले नाही. यात तिचा दोष मुळीच नाही. तिला ते कोणी शिकवलेच नव्हते. त्या रात्री दुभाष्याचे काम केले ते ज्या आयाने, तिच्या कामाची नोंद मात्र कोठेच नाही.

आता शिक्षणाकडे वळू. ए. एन. एम. दोन वर्षांचा, जी. एन. एम. तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. २०२१ साली बी. एस्सी.ला जी नवी सत्रपद्धती आली, तिच्यात पहिल्याच सत्रात इंग्रजी संभाषणाचा विषय ठेवलेला आहे. तो हवाच; औषधांची नावे, ग्रंथ, नोंदी सारे इंग्रजीत आहे. पण रुग्ण ज्या भाषेत वेदना सांगतो, त्या भाषेला अखिल भारतीय पाठ्यक्रमात असे स्वतंत्र स्थान नाही. रुग्णाचे ऐकावे असे शिकवले जाते. त्याचे शब्द समजावेत म्हणून काय करावे, हे शिकवले जात नाही. १९४७ च्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२३ साली परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा केला. तेव्हा ही मागणी करण्यास हा काळ योग्य आहे.

काही जण म्हणतील, भाषेचे एवढे काय? हात चालले म्हणजे झाले. त्यांना मी अरुणा शानबाग यांची आठवण करून देईन. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका झाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यात तिच्या मेंदूला इजा झाली आणि वाचा कायमची गेली. १८ मे २०१५ रोजी तिचे निधन होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणास खिळूनही तिच्या अंगावर शय्याव्रण झाले नव्हते, याची दखल २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने घेतली. शिवाय तिला काय खायला आवडते, खोलीत गर्दी झाली की ती कशी अस्वस्थ होते, हेही त्या परिचारिका जाणून होत्या. जिला शब्दच उरला नव्हता, तिचीही भाषा त्यांनी शिकून घेतली. मग बोलणाऱ्या रुग्णाची भाषा शिकणे अशक्य कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप असा की, कन्नड राज्यात मराठीचा आग्रह कशाला? माझा आग्रह मराठीचा नाही, रुग्णाचा आहे. आमच्या मराठी मुलींनी कन्नड उत्तम शिकलेच पाहिजे. राज्याचा कारभार त्या भाषेत चालतो आणि वॉर्डातले निम्मे रुग्ण ती बोलतात. तसेच कन्नड घरातल्या मुलींनी मराठी दुखण्याचे शब्द शिकावेत. एक मात्र मान्य केले पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. जेथे एकीलाच सारा वॉर्ड सांभाळावा लागतो, तेथे तिने कान देऊन ऐकावे कधी? भाषा शिकवा म्हणताना माणसे नेमा, हेही म्हटले पाहिजे.

प्रतिष्ठेविषयी दोन शब्द. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. विधवांनी परक्यांची शुश्रूषा करणे समाजाला कमीपणाचे वाटत होते, त्या काळात रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी पाठवले. आणि जेथे बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कायकाचा, श्रमाच्या पावित्र्याचा विचार रुजवला, ते कल्याण तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घटनेच्या ३७१ जे कलमामुळे या भागातील मुलामुलींना शिक्षणात व नोकरीत राखीव जागा मिळाल्या आहेत. ज्यांच्या कानांवर लहानपणापासून दोन-तीन भाषा पडल्या, अशी मुले या व्यवसायात आली, आणि मुलगेही आले, तर सीमाभागाची ही अडचणच त्याचे भांडवल होईल. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांनी मिळून येत्या वर्षी एक काम करावे. सुटीत गावी गेल्यावर आजी-आजोबांना, सुइणींना, सूलगित्तींना विचारून दुखण्याचे दोनशे शब्द जमवावेत: कळ, चमक, ठणका, घेरी, कापरे, काजवे, नोवु, उरी, बेने. प्रत्येकापुढे दुसऱ्या भाषेतला शब्द आणि साधा अर्थ लिहावा. एखाद्या जाणत्या परिचारिकेकडून ते तपासून घ्यावेत आणि छोटी पुस्तिका करून जवळच्या रुग्णालयात द्यावी. खर्च अगदी थोडा आहे. एखाद्या रात्री त्यातला एक शब्द वेळेवर समजला, तर सारे श्रम कारणी लागले असे मी समजेन.