तत्त्व विरोधातले आणि सत्तेतले

१७९१ साली अमेरिकेत राष्ट्रीय बँकेवरून वाद पेटला. अर्थमंत्री हॅमिल्टन यांना बलवान केंद्र, बँक आणि कारखाने हवे होते. परराष्ट्रमंत्री जेफर्सन यांची भिस्त शेतकऱ्यावर. बँक काढण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिलेलाच नाही, हे त्यांचे म्हणणे. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी बँकेच्या विधेयकावर सही केली.

पुढे काय झाले? १८०३ मध्ये, अध्यक्ष झालेल्या याच जेफर्सन यांनी घटनेत स्पष्ट आधार नसताना फ्रान्सकडून लुइझियाना घेतला. व्यवहार दीड कोटी डॉलरचा; बहुतेक रक्कम कर्जरोख्यांनी भागवली. ते रोखे खपले हॅमिल्टन यांनी उभारलेल्या सरकारी पतीवर! बँकेचे विरोधक मॅडिसन यांनीही अध्यक्षपदी असताना १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेवर सही केली.

तेव्हा पुढाऱ्याचे तत्त्व विरोधात असताना ऐकावे. पारखावे मात्र सत्तेत आल्यावरच!