‘आमच्या डिझेलवर कर वाढवा’ : अमेरिकी ट्रकमालकांच्या मागणीमागचे गणित

नवी दिल्ली : करवाढीची मागणी खुद्द करदात्याने करावी आणि सरकारने ती वर्षानुवर्षे नाकारावी, असा उलटा प्रकार अमेरिकेत सुरू आहे. मागणी करणारे आहेत तेथील ट्रकमालक. रस्त्यांच्या देखभालीसाठी इंधनावरील केंद्रीय कर वाढवावा, अशी भूमिका ‘अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स’ ही मालवाहतूक कंपन्यांची बलाढ्य संघटना दीर्घकाळ मांडत आली आहे. महामार्गांना निधी पुरविणाऱ्या २०२१ च्या कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतच आहे. त्यामुळे रस्त्यांसाठी पैसा आणायचा कोठून, हा जुना प्रश्न तेथे पुन्हा ऐरणीवर आला आहे.

अमेरिकेत पेट्रोलवर प्रतिगॅलन १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट केंद्रीय कर आहे. गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. हे दर १ ऑक्टोबर १९९३ पासून एका सेंटनेही बदललेले नाहीत. कर किमतीच्या टक्केवारीत नसून ठरावीक सेंटांत आहे आणि तो महागाईशीही जोडलेला नाही. या काळात डांबर, सिमेंट, पोलाद आणि मजुरी यांचे दर चढत गेले. करातून मिळणाऱ्या डॉलरची खरेदीशक्ती मात्र निम्म्याहून खाली आली. शिवाय वाहने कमी इंधनात अधिक अंतर कापू लागली, म्हणजे रस्त्याची झीज तितकीच आणि वसुली कमी.

हा कर ज्या निधीत जमा होतो तो ‘महामार्ग विश्वस्त निधी’ अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या काळात, १९५६ मध्ये, आंतरराज्य महामार्गांच्या बांधणीसाठी उभारला गेला. जो रस्ता वापरील त्याने इंधनाच्या किमतीतून रस्त्याचे मोल द्यावे, हे त्यामागचे साधे तत्त्व. पन्नासएक वर्षे ते टिकले. २००८ मध्ये निधी आटला आणि सर्वसाधारण तिजोरीतून आठ अब्ज डॉलर वळवावे लागले. तेव्हापासून २०२१ च्या कायद्यापर्यंत अशी एकूण सुमारे २७५ अब्ज डॉलरची भर घालण्यात आली. त्यांपैकी ११८ अब्ज एकट्या या कायद्याने दिले. २०२८ च्या सुमारास हा निधी पुन्हा कोरडा पडेल, असा अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे.

ट्रकमालकांच्या संघटनेने यावर काही वर्षांपूर्वी नेमका प्रस्ताव ठेवला होता. इंधनावरील कर दरवर्षी पाच सेंट याप्रमाणे चार वर्षांत वीस सेंटांनी वाढवावा आणि तो इंधन घाऊक डेपोतून बाहेर पडतानाच वसूल करावा. दहा वर्षांत यातून ३४० अब्ज डॉलर उभे राहतील, असा संघटनेचा हिशेब होता. एका गॅलनला साडेसहा मैल धावणारा ट्रक वर्षाला एक लाख मैल फिरला, तर या वाढीने त्याच्यावर तीन हजार डॉलरहून थोडा अधिक बोजा पडतो. तो आपणहून मागण्यात परोपकार नाही, व्यवहार आहे.

हा व्यवहार समजण्यासाठी चार दशके मागे जावे लागते. अध्यक्ष रेगन यांनी जानेवारी १९८३ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने इंधनकर प्रतिगॅलन चार सेंटांवरून नऊ सेंटांवर गेला आणि जड वाहनांवरील वार्षिक कर टप्प्याटप्प्याने १,९०० डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले. स्वतंत्र ट्रकमालकांनी संप पुकारला. अनेक राज्यांत चालत्या ट्रकवर गोळ्या झाडल्या गेल्या, नॉर्थ कॅरोलायनात एक चालक प्राणास मुकला. पुढच्याच वर्षी तडजोड झाली. जड वाहनांचा वार्षिक कर कमाल ५५० डॉलरवर आणण्यात आला आणि त्या बदल्यात डिझेलवरील कर नवावरून पंधरा सेंट झाला. पेट्रोल आणि डिझेल यांच्या करात आजही सहा सेंटांचा फरक आहे, तो या सौद्याची खूण. ५५० डॉलरची मर्यादाही तेव्हापासून तशीच आहे. वार्षिक कर ट्रक उभा असला तरी भरावा लागतो, तर डिझेलवरचा कर चाक फिरले तरच. मंदीत गाडी अंगणात लावून बसणाऱ्या माणसाला हा भेद कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसरे कारण भाड्याच्या रचनेत आहे. मोठ्या कंपन्यांच्या करारांत इंधन अधिभाराचे कलम असते. अमेरिकी ऊर्जा विभाग दर आठवड्याला डिझेलची सरासरी किंमत प्रसिद्ध करतो आणि त्यानुसार अधिभार वरखाली होतो. कर किमतीत मिसळलेला असल्याने तोही ग्राहकाकडून आपोआप वसूल होतो. खुल्या बाजारात त्या-त्या दिवशीच्या ठोक दराने माल उचलणाऱ्या एका गाडीच्या मालकाला हे संरक्षण क्वचितच लाभते. त्यामुळे ‘ट्रक उद्योगाचा पाठिंबा’ या शब्दप्रयोगात मोठ्यांचा आवाज अधिक आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

तरीही टोल आणि मैलागणिक कर यांच्या तुलनेत लहान-मोठे दोघेही इंधनकरालाच पसंती देतात. इंधनकर मोजक्या डेपोंवर वसूल होतो आणि त्यातील जवळजवळ सगळा पैसा रस्त्यापर्यंत पोहोचतो, हा संघटनेचा आवडता युक्तिवाद. टोलसाठी नाके, कॅमेरे, देयके, थकबाकीची वसुली असा सगळा संसार मांडावा लागतो. त्यातही टोल केवळ ट्रकवर लावता येतो, ही खरी भीती. ऱ्होड आयलंड राज्याने जून २०१८ पासून पुलांच्या दुरुस्तीसाठी नेमके तेच केले. संघटना न्यायालयात गेली. २०२२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि वसुली थांबली, परंतु डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने केवळ ट्रकवर टोल लावण्याची मुभा राज्याला दिली. स्थानिक ट्रकांना झुकते माप देणारी कमाल मर्यादा तेवढी अवैध ठरवली. इंधनकरात असा भेदभाव करता येत नाही. मोटारवाला आणि ट्रकवाला एकाच पंपावर उभे असतात.

संघटनेच्या युक्तिवादाची दुबळी बाजूही येथेच आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयमधील चाचणी-रस्त्यांवर झालेल्या प्रयोगांतून असे आढळले, की आसावरचा भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घातात रस्त्याची हानी वाढते. आसावरचा भार दुप्पट, तर झीज सुमारे सोळापट. डिझेलचा खप मात्र वजनाच्या प्रमाणात एवढा वाढत नाही. सर्वांत जड ट्रक आपल्यामुळे होणाऱ्या खर्चापेक्षा कमी कर भरतात, असा निष्कर्ष अमेरिकी महामार्ग प्रशासनाच्या १९९७ च्या अभ्यासातही निघाला होता. वजन आणि अंतर या दोन्हींवर कर लावणारे ओरेगन राज्य म्हणूनच अपवाद ठरते. तेथे उलट तक्रार आहे. आपल्याकडून वाजवीपेक्षा जास्त वसुली होते, असे म्हणत वाहतूकदारांनी २०२४ मध्ये राज्याविरुद्ध दावा लावला.

मग राजकारणी हा आयता मिळालेला पाठिंबा घेत का नाहीत? मतदाराला पंपावरचा आकडा रोज दिसतो, हे त्याचे सरळ उत्तर. चार लाख डॉलरहून कमी उत्पन्न असलेल्यांवर कर वाढवणार नाही, या आश्वासनाला बांधील असल्याने अध्यक्ष बायडेन यांनी २०२१ मध्ये करवाढ टाळली आणि पुढच्या वर्षी तर तीन महिन्यांच्या करमाफीचा प्रस्ताव मांडला. तो संसदेने स्वीकारला नाही. तिजोरीतून निधीत पैसे टाकणे दोन्ही पक्षांना अधिक सोयीचे वाटते. तो बोजा कर्जात दिसतो, पंपावर दिसत नाही.

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. पेट्रोलवर अधिभार लावून त्यातून रस्ते करावेत, ही शिफारस १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीने केली होती आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यातूनच १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. २००० च्या कायद्याने त्याला नवे रूप मिळाले, तर २०१८ मध्ये नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि रस्त्यांपलीकडच्या कामांनाही दार उघडले. आपल्याकडचा वाहतूकदार डिझेलमधून अधिभार भरतो आणि शिवाय नाक्यावर फास्टॅगमधून टोलही देतो. जुलै २०१८ च्या देशव्यापी संपात त्याने डिझेलचे दर आणि टोल या दोन्हींविरुद्ध आवाज उठवला, तो यामुळेच. कर भरतो त्याचा रस्ताच होईल, ही खात्री असल्याखेरीज ‘कर वाढवा’ हे शब्द ट्रकमालकाच्या तोंडून निघणे कठीण.

अमेरिकेतील मागणीचा पायाही आता भुसभुशीत होत आहे. डिझेलच न घेणारा विजेवरचा ट्रक या निधीत इंधनाद्वारे काहीच भरत नाही. विद्युत मोटारींवर वर्षाला २५० डॉलर शुल्क लावण्याची तरतूद २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने संमत केली होती. जुलैमध्ये त्या विधेयकाचा कायदा झाला, तेव्हा ती त्यात नव्हती.