‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन?

निकालाचा दिवस आठवा. मोबाइल हातात, बैठक क्रमांक तोंडपाठ आणि स्क्रीनवर गरगर फिरणारं ते चक्र. मग ग्रुपवर कुणीतरी टाकतं, ‘सर्व्हर डाऊन आहे रे!’ आणि आपण सगळे गप्प. पावसात लोकल बंद पडावी तसं. निसर्गापुढे कोण काय बोलणार?

मीही गप्पच बसायचे. मास कम्युनिकेशनची विद्यार्थिनी, कोडिंगशी संबंध शून्य. पण इंटर्नशिपमध्ये एका बातमीत मी स्वतःच ‘सर्व्हर डाऊन’ लिहिलं आणि सीनिअरनी विचारलं, ‘डाऊन म्हणजे नेमकं काय झालं?’ उत्तर येईना. म्हणून मुलुंडच्या घरी, दोन रविवार घालवून, मी एक सर्व्हर बनवला. तुम्हीही बनवा, एवढंच सांगायला आजची ही जागा.

सर्व्हर म्हटलं की एसीच्या खोलीतली लोखंडी कपाटं डोळ्यांपुढे येतात. मुळात तो वाट बघत बसलेला एक प्रोग्राम असतो. स्टेशनवरची तिकीट खिडकी समजा. पोर्ट म्हणजे खिडकीचा नंबर. शिकाऊ मंडळी सहसा ८००० घेतात. खिडकी उघडायची, समोर कोणी आलं की ऐकायचं, उत्तर द्यायचं, पुढचा! पायथनमध्ये हे पंधरा-वीस ओळींत होतं. ब्राउझरची मागणी साध्या अक्षरांत येते: ‘गेट’, मग पानाचं नाव. उत्तरही तसंच. आधी २०० हा आकडा, म्हणजे ‘आहे, घ्या’. मग पानाबद्दलची थोडी माहिती, मग एक रिकामी ओळ, मग पान.

त्या रिकाम्या ओळीने माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. ती टाकायची राहिली होती आणि ब्राउझर काही केल्या पान दाखवेना. माहिती कुठे संपली आणि पान कुठे सुरू झालं, हे त्याला त्या ओळीवरूनच कळतं. दुसरा घोळ वेगळाच. पान मी एकदाच उघडलं, पण सर्व्हरकडे मागण्या दोन! क्षणभर वाटलं, कुणी हॅक करतंय की काय. कसलं काय, टॅबवर दिसणारं छोटंसं चित्र ब्राउझर न सांगता स्वतःहून मागतो.

खरी गंमत पुढे आहे. उत्तर देण्याआधी दहा सेकंद थांब, अशी एक ओळ मी मुद्दाम घातली. मग घरच्या वायफायवरून दोन मोबाइलवर तेच पान उघडलं, एक माझा, एक आईचा. (मोबाइलवर लॅपटॉपचा वायफायचा पत्ता टाकायचा, घरी तो बहुधा १९२.१६८ने सुरू होतो.) माझं पान दहा सेकंदांनी आलं. आईचं त्यानंतरही येईना. ‘बंद पडलंय गं तुझं,’ आई म्हणाली. बंद काहीच पडलं नव्हतं. खिडकी एकच होती आणि रांगेत दोघी होतो.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बातमी वेगळी वाचता येते. ‘४०४’ दिसलं की लोक सर्व्हर गेला म्हणतात. उलट तो जिवंत असतो आणि ‘असं पान माझ्याकडे नाही’ असं सांगत असतो. ‘५०३’ म्हणजे आत्ता सेवा देता येत नाही, अनेकदा गर्दीमुळे. तीही सांगून केलेली अडवणूकच!

एक सावधगिरी. पायथनमध्ये एका ओळीत सुरू होणारा तयार सर्व्हरही मिळतो. तो ज्या फोल्डरमध्ये चालवाल तो अख्खा फोल्डर त्या वायफायवरच्या कुणालाही उघडता येऊ शकतो, आधारचा स्कॅन असो की फोटो. तेव्हा कॉलेजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर नको, आणि घरीही रिकाम्या फोल्डरमध्येच.

अंधेरी-बोरिवलीला स्टेशनबाहेर ‘फुल स्टॅक’ क्लासच्या पाट्या दिसतात. जायचं तर जा, पण हे शिकायला फी लागत नाही. एआय तर मागाल तो सर्व्हर लिहून देईल. मग रिकाम्या ओळीची गोष्ट मात्र तुम्हाला कळणार नाही. आणि हा विषय आपल्या उपनगरांना परकाही नाही. १९८६मध्ये शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणारं ‘अर्नेट’ सुरू झालं, त्यात पवईची आयआयटी होती आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीही. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांची नोंदवही कित्येक वर्षं जुहूच्याच या संस्थेकडे होती. तुम्हा-आम्हाला इंटरनेट मिळालं त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ला.

आता पुन्हा निकालाच्या दिवसाकडे येऊ. परीक्षेला किती जण बसले, हा आकडा हॉल तिकिटं छापली तेव्हाच माहीत असतो. तारीख आणि वेळही आयोजकच जाहीर करतात. म्हणजे किती वाजता किती जण खिडकीवर येणार, हे आधीच ठाऊक असतं. मग पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलंत, तर एवढंच विचारा: खिडक्या किती उघडल्या होत्या, आणि तो आकडा कोणी ठरवला?