जिद्द की धोक्याची घंटा?

चालण्याची शर्यत म्हटली की अनेकांना हसू येते. पण फ्रान्सच्या योहान दिनीझने २०१४ मध्ये ५० किलोमीटर अंतर ३ तास ३२ मिनिटे ३३ सेकंदांत चालून विश्वविक्रम केला. म्हणजे ताशी १४ किलोमीटर! आपल्याला तेवढ्या वेगाने धावतानाही धाप लागेल.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये आघाडीवर असताना त्याचे पोट बिघडले. पुढे तो रस्त्यात कोसळला, उठला, चालत राहिला आणि आठवा आला. त्या जिद्दीचे जगभर कौतुक झाले. मला मात्र ते खटकते. दीर्घ श्रमात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो. मग कळा, जुलाब, प्रसंगी रक्तस्रावही होतो. त्यात शरीर फार तापले तर मेंदूच गोंधळतो. अशा माणसाला ‘थांबतोस का?’ असे विचारून काय उपयोग? खेळाडूला शर्यतीबाहेर काढण्याचा अधिकार नियमांनी डॉक्टरांना दिलेला आहे. तो तिथे वापरायला हवा होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३९ व्या वर्षी, दिनीझ लंडनमध्ये विश्वविजेता झाला. रिओत त्याला थांबवले असते, तर ते सुवर्णपदक कुठे पळून जाणार होते?