सहीच्या धाकाला उत्तर आहे

अमेरिकी नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डासाठी वार्षिक कोट्याच्या रांगेत थांबावे लागत नाही. मात्र कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर ते सशर्त आणि दोनच वर्षांचे असते. बनावट लग्ने रोखण्यासाठी १९८६ च्या कायद्याने ही अट आणली. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने मिळून ही अट काढून घेण्याचा अर्ज करायचा असतो.

धोका इथेच आहे. छळणारा नवरा या अर्जावर सही न करण्याची धमकी देतो आणि परक्या देशात एकटी पडलेली मुलगी सोसत राहते. पण लग्न खरे असेल आणि छळ किंवा घटस्फोट झाला असेल, तर तिला एकटीने अर्ज करता येतो. तोही त्या शेवटच्या ९० दिवसांची वाट न पाहता. कार्ड मिळण्याआधीच छळ सुरू झाला, तर १९९४ च्या कायद्याने स्वतंत्र अर्जाची सोय आहे.

एकटीने अर्ज करण्याचा हा हक्क अर्जदाराला तिच्या भाषेत, कार्डासोबतच कळवला गेला पाहिजे. परदेशी स्थळाचा पगार आणि घर विचारणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही मुलीला निरोप देण्यापूर्वी ही माहिती द्यावी. बनावट लग्न पकडण्यासाठी केलेली अट खऱ्या लग्नातल्या छळाचे हत्यार होता कामा नये.