जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार: किल्ली तुमच्याकडे, पण कागदोपत्री मालक कोण?

लांब बॉनेट, उघडं छत आणि तारांची चाकं असलेली जुनी एमजी एखाद्या रीलमध्ये नाशिकच्या गंगापूर रोडवरून जाताना दिसली, की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. 'किंमत किती?' आणि 'पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर चालतेच कशी?' तिसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही: ही गाडी आज कुणाच्या नावावर आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये शुल्काचे नियम बदलले आणि या प्रश्नाची किंमत वाढली. ती कशी, हे समजून घेऊया.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात जाते का?

नाशिकमध्ये नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या ज्या निर्बंधांच्या बातम्या आपण वाचतो, ते दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआर भागापुरते आहेत. नाशिकची एमएच-१५ असो की मालेगावची एमएच-४१, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून घेतली, की ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

बदललं आहे ते शुल्क. २० ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या साध्या मोटारीच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये लागतात. गाडी आयात केलेली असेल, तर हाच आकडा ८०,००० रुपये होतो. जीएसटी वेगळा. जुनी एमजी, जग्वार किंवा ऑस्टिन-हिली या दुसऱ्या गटात मोडते.

विंटेज नोंदणी म्हणजे काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं होऊन गेलेल्या दुचाकी आणि मोटारी त्यात येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. पुढच्या वेळी ५,००० रुपये. देशात आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होत असेल, तर नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

दहा वर्षांचा हिशोब केला, तर साध्या नोंदणीचे दोनदा मिळून १,६०,००० रुपये आणि विंटेज नोंदणीचे २०,००० रुपये. मग सगळेच विंटेज का करत नाहीत? कारण ती गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. व्यावसायिक वापराला पूर्ण बंदी आहे. म्हणजे लग्नाच्या वरातीला किंवा द्राक्षबागेतल्या प्री-वेडिंग शूटला ती भाड्याने देता येत नाही.

'चांगली जपलेली' हे कोण ठरवतं?

राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते. चकचकीत रंग पुरेसा नाही. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी नियमाची अट आहे. आपल्याकडच्या गाड्या नेमक्या इथे अडकतात.

१९५० च्या दशकापासून परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक बंधनं आली. परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या. नवी गाडी मिळत नव्हती म्हणून लोकांनी जुनी सांभाळली. पण सुटे भागही मिळत नव्हते, म्हणून मिस्त्रींनी हाताशी असेल ते बसवलं. १९५५ ला आलेली एमजीए आणि आपली अ‍ॅम्बेसेडर, दोघींत एकाच कुळातलं १,४८९ सीसीचं ब्रिटिश इंजिन होतं. असा बदल चालायला उत्तम, पण आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही.

नावाची साखळी का महत्त्वाची?

अशा गाड्या अनेकदा घरातच पुढे जातात. आजोबांनी घेतली, वडिलांनी चालवली, नातवाने रंगवली, पण आरसीवर नाव आजोबांचंच. कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. विक्री झाली असेल, तर फॉर्म २९ आणि ३० लागतात.

हे राहून गेलं तर काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केलं, की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली, तरी. म्हणजे तोंडी व्यवहारात गाडी देऊन टाकणाराही सुटत नाही. विंटेज नोंदणीच्या अर्जालाही जुनं आरसी, विमा आणि बाहेरून आणलेल्या गाडीचं बिल ऑफ एंट्री हे कस्टमचं कागदपत्र जोडावं लागतं.

कागदच हरवले असतील तर?

आरसी हरवलं असेल, तर फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत मागता येते. गाडीच्या जन्माची माहिती ब्रिटनमध्येही मिळते. एमजी हा ब्रँड आज चीनच्या सैक कंपनीकडे आहे आणि जग्वार २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली. पण एमजीच्या जुन्या कारखान्याच्या नोंदी गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जपल्या आहेत. चॅसी नंबरावरून तिथे शुल्क भरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर आणि मूळ रंग अशा नोंदी त्यात असतात. एमजीच्या अनेक मॉडेलचे चॅसी नंबर ०२५१ पासून सुरू होतात, कारण अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता.

अर्थात, हे सर्टिफिकेट गाडी अस्सल आहे की नाही, हे पडताळायला उपयोगी पडतं. नाशिकमध्ये ती कुणाची आहे, हे फक्त आरसीच सांगतं.

मग करायचं काय?

गाडी महिन्यातून चार वेळा स्वतः फिरवायची असेल, तर साधी नोंदणी महाग पडली तरी तीच ठेवावी लागेल. फक्त रॅलीला न्यायची असेल आणि इंजिन मूळचं असेल, तर विंटेज नोंदणी स्वस्त. दोन्ही वाटांवर पहिलं काम एकच: चॅसी आणि इंजिनावरचे नंबर आरसीशी ताडून पाहा आणि नाव बदलून घ्या. वारसांमध्ये भाऊबहिणी असतील, तर सगळे एकत्र भेटतात तेव्हाच हे उरकलेलं बरं. रंगकामाला हात त्यानंतर घाला.