पाऊस आला लवकर, तयारी राहिली मागे. वेळेआधीच्या पावसाशी जुळवून कसे घ्यायचे?

मे महिन्याची अखेर म्हणजे कोल्हापूरकडे लगबगीचे दिवस. छपराचे फुटके कौल बदलायचे, पत्र्याची भोके बुजवायची, जळण आत घ्यायचे, वैरणीच्या गंजीवर ताडपत्री ओढायची, चटणीची मिरची वाळवून डंकावर न्यायची. हे सगळे उरकले की मृगाची वाट पाहायची. कळंब्यासारख्या, निम्मे गाव आणि निम्मे शहर झालेल्या ठिकाणी आजही हेच वेळापत्रक चालते. अपार्टमेंटच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात आणि शेजारच्या गोठ्यामागे शेणी.

२०२५ च्या मे महिन्यात पावसाने हे वेळापत्रक मोडले. मृग दूरच, रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच मोसमी पाऊस दारात उभा राहिला. पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला, याचीच किंमत अनेक घरांना मोजावी लागली. असे वर्ष पुन्हा येणार नाही, असे समजून चालण्यात शहाणपणा नाही. म्हणून हा विषय समजून घ्यायला हवा.

मे २०२५ मध्ये नेमके काय झाले?

मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला पोहोचतो. २०२५ मध्ये भारतीय हवामान विभागाने २४ मे रोजीच त्याच्या आगमनाची घोषणा केली. २००९ नंतरचे हे सर्वांत लवकरचे आगमन होते. दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, तो तळकोकणात देवगडपर्यंत आला आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यापर्यंत धडकला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे तब्बल १६ दिवस आधी. मुंबईत यापूर्वीचे सर्वांत लवकरचे आगमन २९ मेचे होते. कुलाब्यात त्या एका महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि मे १९१८ चा २७९.४ मिलिमीटरचा विक्रम मागे पडला.

देशभराचा विचार केला, तर १९०१ पासूनच्या नोंदींत हा सर्वांत पावसाळी मे महिना ठरला. सरासरी ६१.४ मिलिमीटरच्या जागी १२६.७ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे दुपटीहून अधिक.

वळीव तर दरवर्षीच येतो. मग फरक काय?

फरक उन्हाचा आहे. वळीव दुपारी गडगडत येतो, तास-दीड तास झोडपतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक ऊन पडते. भिजलेली मिरची पुन्हा पसरता येते, रानातली ओल सुकते आणि वाफसा येतो. आपल्या उन्हाळी कामांत वळवाचा हिशेब आधीच धरलेला असतो.

संततधार पावसात ही सवलत नसते. सलग काही दिवस ढग हटत नाहीत, हवा दमट राहते आणि एकदा भिजलेले काहीच वाळत नाही. शेणी विरघळतात, जळणाला बुरशी धरते, काढून ठेवलेल्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगांना कोंब फुटतात. वीटभट्टीवर थापून ठेवलेल्या कच्च्या विटांचा तर पुन्हा चिखल होतो. महिनाभराची मजुरी त्या चिखलात जाते.

पाऊस इतक्या लवकर का आला?

एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रात दक्षिण कोकण किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. त्याची तीव्रता वाढली आणि २४ मे रोजी ते रत्नागिरी ते दापोलीदरम्यान किनारा ओलांडून आत आले. त्यामुळे बाष्प मोठ्या प्रमाणात जमिनीवर खेचले गेले. त्याच सुमारास विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे सरकणारा ढगांचा पट्टा, ज्याला शास्त्रज्ञ मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात, मोसमी वाऱ्यांना पोषक टप्प्यात होता.

दीर्घकाळाचा विचार केला, तर तापलेला समुद्र आणि तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून एखाद्या वर्षीचे लवकर आगमन हा योगायोग असला, तरी पाऊस आला की तो जोरात कोसळण्याची शक्यता वाढलेलीच राहते.

वेळेआधीचे हवामान जास्त नुकसान का करते?

याचे उत्तर पावसाच्या प्रदेशाबाहेर, बर्फाच्या प्रदेशात अधिक स्पष्ट दिसते. काश्मीरमध्ये कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, ‘चिल्लई कलान’, २१ डिसेंबरला सुरू होतात. त्या काळात फूट-दोन फूट बर्फ पडला, तरी कोणी दचकत नाही. पण २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात जोरदार बर्फवृष्टी झाली. सफरचंदाच्या झाडांवर तेव्हा पाने होती, काही बागांत फळेही होती. निष्पर्ण झाडावरून बर्फ घसरून जातो. पाने असलेल्या झाडावर तो साचतो आणि फांद्या मोडतात. सफरचंदाचे झाड मोडले, की एका हंगामाचे नव्हे, पुढच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न जाते.

अमेरिकेच्या ईशान्य भागात २९ ऑक्टोबर २०११ ला हेच घडले. दिवाळीची भाऊबीज आदल्या दिवशीच झाली होती. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांतले फराळाचे डबे संपायचे होते आणि बाहेर हिवाळ्यासारखा बर्फ कोसळत होता. पाने न गळालेली झाडे विजेच्या तारांवर पडली आणि मेरीलँडपासून मेनपर्यंत ३० लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले. बर्फ हटवण्याची यंत्रे, मीठ, गरम कपडे यांची तिथे टंचाई नसते. पण ते सगळे डिसेंबरसाठी राखलेले असते.

थोडक्यात, हवामान किती तीव्र आहे यापेक्षा, ते आले तेव्हा आपण कोणत्या अवस्थेत होतो, यावर नुकसान ठरते. काश्मीरमधल्या झाडावरची पाने आणि कळंब्यातल्या अंगणात पसरलेली मिरची ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत.

कोल्हापूर परिसरात फटका कुठे बसतो?

पहिला फटका शेतीला. राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या पश्चिमेकडच्या पट्ट्यात मेअखेरीस भाताची धूळवाफ पेरणी होते. कोरड्या मातीत बी टाकायचे आणि पाऊस पडला की ते उगवायचे, अशी ही पद्धत. माती कोरडी राहिलीच नाही, तर पेरणी खोळंबते. पूर्वेकडे सोयाबीन, भुईमुगासाठी नांगरट आणि कुळवणी व्हायची असते; वाफसा नसेल तर ट्रॅक्टर रानात घालता येत नाही.

दुसरा फटका बंधाऱ्यांवर. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचवणारे ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ बरग्यांवर चालतात. उन्हाळ्यात पाणी अडवण्यासाठी बरगे घालायचे आणि पावसाळ्यापूर्वी काढून ठेवायचे. बरगे तसेच असताना नदीला पाणी आले, तर प्रवाहाला वाट मिळत नाही. पाणी बाजूने वळते, काठ ढासळतात, काठावरची पिके आणि मोटारी पाण्यात जातात. पूर नसतानाही पुरासारखे नुकसान होते ते असे.

तिसरा फटका नाल्यांवर. कात्यायनीच्या डोंगरातून येणारे पाणी कळंबा तलावात साठते. संस्थानकाळापासून या तलावाने शहराची तहान भागवली आहे. त्याच खोऱ्यातून निघणारा जयंती नाला शहराच्या मध्यातून जाऊन पंचगंगेला मिळतो. कळंब्याच्या बाजूला पाऊस झाला, की त्याची खबर रामानंदनगरच्या पुलाला आणि पुढे लक्ष्मीपुरी-शाहूपुरीला मिळते. नाल्यातला गाळ, प्लास्टिक आणि झुडपे काढण्याची मुदत मेअखेरची ठेवली, तर २५ मेच्या पावसाला निम्मा नाला तुंबलेलाच सापडणार.

चौथा फटका विजेला. उन्हाळाभर तापलेल्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसलेली असते. पहिल्या पावसाचे पाणी पडले, की काही तडकतात, काहींवरून वीज जमिनीकडे वाट शोधते आणि फीडर बंद पडतो. फांद्या तोडण्याचे काम अर्धवट असेल, तर त्यात भर पडते.

लवकर पाऊस म्हणजे चांगले वर्ष का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. २००९ मध्येही पाऊस केरळात २३ मे रोजी पोहोचला होता. पण त्या वर्षी देशात हंगामाचा पाऊस सरासरीच्या ७८ टक्केच झाला आणि दुष्काळ पडला. २०२५ मध्ये तो १०८ टक्के झाला. आगमनाची तारीख आणि हंगामाचा एकूण पाऊस यांचा सरळ संबंध नाही.

दुसरे म्हणजे, लवकर आलेला पाऊस थांबतोही. २०२५ मध्येच २९ मेच्या सुमारास मोसमी पावसाची वाटचाल अडखळली आणि जूनच्या मध्यापर्यंत तो पुढे सरकला नाही. पहिल्या पावसाला भुलून हलक्या रानात पेरणी केली आणि पुढे पंधरा दिवस ओढ बसली, तर दुबार पेरणीचे संकट येते. पुरेसा पाऊस, साधारण ७५ ते १०० मिलिमीटर, आणि जमिनीत वाफसा, या दोन्ही गोष्टी जुळल्याशिवाय पेरणीची घाई नको, हा कृषी विभागाचा सल्ला अशा वर्षी अधिकच महत्त्वाचा ठरतो.

घरात आणि शेतात काय बदलायचे?

वाळवण, जळण, शेणी, धान्याला ऊन देणे ही कामे एप्रिलअखेरपर्यंत उरकण्याची सवय लावावी लागेल. अक्षय्य तृतीयेनंतर लग्नांच्या धामधुमीत ती मागे पडतात. पण १० मेनंतरचे ऊन आता हक्काचे धरता येणार नाही. छपराची दुरुस्ती आणि ताडपत्रीची खरेदीही त्याआधी केली, तर सुतार-गवंडीही मिळतात आणि भावही वाजवी राहतो. वैरणीची गंजी जमिनीपासून हातभर उंचावर, दगड-लाकडांवर रचली, तर खालची ओल लागत नाही. भिजलेली, बुरशी आलेली वैरण जनावरांना घालू नये. दुधाबरोबर जनावरही धोक्यात येते.

हवामानाचा अंदाज आता फोनवरच मिळतो. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो आणि मेच्या मध्याला केरळातील आगमनाचा अंदाज जाहीर करतो. २०२५ मध्ये तो १० मे रोजीच आला होता : २७ मे, चार दिवस मागे-पुढे. म्हणजे दोन आठवड्यांची सूचना हातात होती. ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही सरकारी अॅप, तर विजांच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ फोनमध्ये असायला हवे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त म्हणजे जोरदार, ११५.६ पेक्षा जास्त म्हणजे अतिजोरदार पाऊस, एवढे लक्षात ठेवले तरी व्हॉट्सअॅपवरच्या निम्म्या अफवा गळून पडतात.

यंत्रणांनी काय बदलायचे?

खरा प्रश्न इथेच आहे. घरातली मिरची गृहिणी पंधरा दिवस आधी वाळवील. पण बंधाऱ्याचे बरगे, नाल्याचा गाळ, तारांवरच्या फांद्या आणि पाइपलाइनसाठी खोदलेले चर तिच्या हातात नाहीत. मान्सूनपूर्व कामांची अखेरची तारीख ३१ मे किंवा ७ जून ठेवण्याची पद्धत जुन्या पंचांगावर बेतलेली आहे. ती १५ मेवर आणायला हवी. त्यासाठी निविदा फेब्रुवारीत निघाल्या पाहिजेत. एप्रिलमध्ये निघालेल्या निविदेचे काम मेच्या मध्याला पूर्ण होत नाही. बरगे लवकर काढले आणि पाऊस लांबला, तर पाण्याची टंचाई होईल, ही शेतकऱ्यांची भीती खरी आहे. म्हणूनच बरगे काढण्याचा निर्णय ठरावीक तारखेवर न ठेवता दोन आठवड्यांच्या अंदाजाशी आणि धरणसाठ्याशी जोडणे योग्य. कळंबा शहराला लागून असले, तरी तिथे ग्रामपंचायत आहे आणि पुढे महापालिका. पाणी ही हद्द मानत नाही. मग नालेसफाईचे वेळापत्रक तरी दोघांनी एकत्र का ठरवू नये?

भरपाईचे निकषही तपासायला हवेत. पिकाचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाले, तर मदत मिळते. पण खळ्यात भिजलेल्या शेंगा, विरघळलेल्या शेणी आणि चिखल झालेल्या विटा उभ्या पिकाच्या निकषात बसत नाहीत. वेळेआधीच्या पावसात सर्वाधिक गमावतो तो नेमका याच कामांवर पोट असलेला माणूस. त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा, हे आधी ठरले नाही, तर त्याच्या वाट्याला दरवेळी फक्त सहानुभूती येईल.

मृग ७-८ जूनलाच लागणार. पंचांग आपल्यासाठी बदलणार नाही. पाऊस मात्र पंचांग पाहून येईनासा झाला आहे. आपल्या आजीने पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून बेगमीचे वेळापत्रक बसवले होते, ते त्या काळाच्या पावसाला अनुसरून. आजच्या पावसाला अनुसरून ते पंधरा दिवस पुढे ओढणे म्हणजे रीत मोडणे नव्हे, रीत चालू ठेवणेच आहे. मात्र ते घराने एकट्याने करून भागणार नाही. गच्चीवरची मिरची वेळेत आत आली आणि गल्लीतला नाला मात्र तुंबलेलाच राहिला, तर पाणी उंबरठ्यातून आत येणारच.